ठिपके माशावर, रोग खडीत: गोड्या पाण्याच्या टाकीच्या नोंदी

टाकी ८० × ३५ × ४० सेंटिमीटर. आत निऑन टेट्रा, प्लेटी आणि कोरिडोरास हे मासे, थोड्या गोगलगायी. खाली बारीक खडी, एक लाकूड, जिवंत वनस्पती. बाहेर टांगलेला फिल्टर, त्यात स्पंज आणि कोळशाची पिशवी. ज्यांच्या टाकीत आज-उद्या माशांवर इक या रोगाचे पांढरे ठिपके दिसतील त्यांच्यासाठी या नोंदी ठेवतो आहे.

४ फेब्रुवारी

दिवा लावल्यावर दोन प्लेटी खडीवर अंग घासताना दिसल्या. मासा एकदम तिरका होतो, कूस खडीला घासतो आणि झटक्यात वर येतो. असं एखाद्या वेळी घडलं तर घाबरू नये. इथे थोड्या-थोड्या वेळाने तेच चाललं होतं. एका प्लेटीच्या शेपटीच्या पारदर्शक भागात, मिठाचे कण चिकटावेत तसे तीन ठिपके होते. निऑनवर ठिपका नव्हता, पण त्यांनी पर अंगाशी मिटून घेतले होते आणि ते लाकडाच्या आडोशाला गोळा झाले होते.

औषधाआधी पाणी मोजलं. अमोनिया ०.२५, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० (तिन्ही लिटरला मिलिग्रॅममध्ये), पीएच ७.६, तापमान २४.५. अमोनिया शून्यच हवा. आकडा लहान दिसतो, पण पीएच बघितल्याशिवाय त्याला लहान म्हणू नये. २५ अंशांच्या आसपास पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्धा-पाऊण टक्काच विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तेच प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जातं.

अमोनियाचं कारण फिल्टरमध्ये सापडलं. स्पंज गाळाने भरून झोत जवळजवळ निम्म्यावर आला होता. टाकीतून काढलेल्या पाण्यातच स्पंज पिळला. नळाखाली धुतला असता तर क्लोरीनने त्यातले अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे उपयोगी जिवाणू मेले असते आणि आजारासोबत अमोनियाही अंगावर आला असता. एक तृतीयांश पाणी बदललं. नवं पाणी क्लोरीन काढून, टाकीच्या तापमानाला आणून घातलं.

नव्या प्लेटी जानेवारीच्या शेवटी आल्या होत्या आणि वेगळ्या न ठेवता सरळ टाकीत गेल्या होत्या. रोग कुठून आला हे शोधायला आणखी खोलात जायची गरज नाही.

५ फेब्रुवारी

आज ठिपके दोन प्लेटींवर आणि एका कोरिडोरासच्या पाठीच्या परावर.

खोलीतले दिवे बंद करून टॉर्च तिरका धरून पाहिलं. अंगावर सोनेरी-पिवळसर धुरळा चमकला असता तर तो वेल्वेट, म्हणजे वेगळा परजीवी. तसं काही नव्हतं. ठिपके सुटे, गोल, साधारण एकाच आकाराचे आणि कातडीत बसलेले होते. वर आलेले, केसाळ, लहानमोठे ठिपके असते तर एपिस्टायलिस या दुसऱ्याच एकपेशीय जीवाचा संशय घ्यावा लागला असता, आणि तो बहुधा घाण पाण्यासोबत येतो. हा इक: इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस, एकपेशीय परजीवी.

पुढचा सगळा बेत त्याच्या जीवनचक्रावर ठरतो, म्हणून तेवढं लिहितो. माशावर दिसणारा ठिपका कातडीच्या वरच्या थराखाली असतो. तिथे ना औषध पोचत, ना मीठ. पूर्ण वाढला की परजीवी मासा सोडून खाली पडतो, खडीला किंवा पानाला चिकटून कोष करतो आणि आत फुटत जातो. एका कोषातून शेकडो, कधी हजारापर्यंत नवे जंतू बाहेर येतात. ते पोहत मासा शोधतात आणि एक-दोन दिवसांत सापडला नाही तर मरतात. औषध लागू पडतं ते या पोहणाऱ्या जंतूंवर. जे डोळ्यांना दिसतं त्यावर उपाय चालत नाही आणि ज्यावर उपाय चालतो ते दिसत नाही, हे मनात पक्कं असलं की रोज ठिपके मोजून धीर सोडायची वेळ येत नाही.

पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर हे चक्र आठवड्याच्या आत पुरं होतं. थंड पाण्यात ते कित्येक आठवडे लांबतं. ३० अंशांच्या वर या परजीवीच्या बहुतेक जातींची वाढ थांबते. म्हणून आधी उष्णतेचा मार्ग घ्यायचं ठरवलं: औषध नाही, फिल्टरला धक्का नाही. अडचण एकच होती. निऑन आणि कोरिडोरास दोघेही थोड्या थंड पाण्यातले मासे. त्यांना ३० अंश सोसावे लागतील, पण काही दिवस सोसतील असं वाटलं.

गोगलगायी मासे नसलेल्या भांड्यात हलवल्या. पुढे औषध घालावंच लागलं तर त्या टिकणार नाहीत. गोगलगायीला इक होत नाही, पण शंखावर कोष चिकटून येऊ शकतो. म्हणून त्या तिथेच राहतील. मासा नसला की कोषातून निघालेले जंतू आपोआप मरतात.

६ फेब्रुवारी

हीटरची चकती ३० वर केली, पण एकदम नाही. सकाळी एक अंश, दुपारी एक, रात्री एक. हवेचे बुडबुडे सोडणारा दुसरा एअर स्टोन सोडला. २५ अंशांना पाण्यात लिटरला सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.५ च्या आसपास. त्यात गरम पाण्यात माशाची ऑक्सिजनची गरज वाढते आणि कल्ल्यांत परजीवी असेल तर मिळणारा ऑक्सिजनही कमी पडतो. बुडबुड्यांचा आवाज रात्रभर येतो, तो येऊ द्यावा.

९ फेब्रुवारी

ठिपके वाढले. निऑनवरही आले. उष्णता दिल्यावर सुरुवातीला असं होणं अपेक्षितच असतं, कारण आधी कातडीत शिरलेले परजीवी भराभर मोठे होतात आणि दिसू लागतात. म्हणून बेत तसाच ठेवला. रोज नळीने खडी शोषून घेतो आहे. खाली पडलेले कोष जितके बाहेर जातील तितके बरे.

११ फेब्रुवारी

आजचा दिवस वाईट. दोन निऑन गेले. तिसरा वर येऊन तोंडाने हवा घेत होता. कल्ल्यांची उघडझाप इतकी वेगाने चालली होती की मोजता येईना.

एवढे दिवस उष्णता देऊन ठिपके कमी व्हायला हवे होते. आज नव्याने उगवलेले, अगदी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसत होते. म्हणजे परजीवी फुटून पुन्हा माशांवर चढत होता. म्हणजे उष्णता पोचतच नव्हती. काचेला चिकटवलेली थर्मामीटरची पट्टी २९-३० दाखवत होती. काचेचा थर्मामीटर हीटरपासून दूर, खडीलगत बुडवला तेव्हा २७ निघाले. पट्टी हीटरजवळ लावलेली होती आणि चकतीवरचा आकडाही खरा नव्हता.

इतरांनी सगळ्यात नीट वाचावं असं काही या नोंदींत असेल तर ते हे. २७ अंश हे या परजीवीसाठी सोयीचं हवामान. त्याची वाढ थांबत नाही, उलट वेगाने होते. अर्धवट उष्णता दिली की रोग बरा होत नाही, फक्त घाईत वाढतो. औषध नसेल आणि उष्णतेवरच भिस्त असेल तर टाकीच्या दोन टोकांना, तळाशी, वेगळ्या थर्मामीटरने मोजूनच सुरुवात करावी. चकतीवर विसंबू नये.

आता ३० च्या वर नेऊ का, यावर बराच वेळ घालवला. नेलं नाही. धापा टाकणाऱ्या माशांच्या पाण्यातला ऑक्सिजन आणखी कमी करायला मन तयार होईना. औषध घालायचं ठरलं.

१२ फेब्रुवारी

मॅलकाइट ग्रीन हा रंग आणि फॉर्मॅलिन (फॉर्माल्डिहाइडचं द्रावण) यांचं मिश्रण औषध म्हणून आणलं. टाकीत काही घालण्याआधी चार गोष्टी केल्या.

आधी फिल्टरमधून कोळशाची पिशवी काढली. कोळसा औषध शोषून घेतो. पिशवी तशीच ठेवली तर सगळी मात्रा काही तासांत कोळशात जाते आणि आपण समजतो की औषध लागू पडलं नाही.

मग पाण्याचा हिशेब. टाकी ८० × ३५ × ४० म्हणजे कागदावर ११२ लिटर. पण पाणी ३६ सेंटिमीटरपर्यंतच भरलेलं, त्यात ५ सेंटिमीटर खडी. खडीच्या वर ८० × ३५ × ३१, म्हणजे ८७ लिटरच्या आसपास. खडीच्या फटींतलं पाणी मिळवून आणि लाकूड वजा करून ९० धरलं. ११२ च्या हिशेबाने औषध घातलं असतं तर मात्रा जवळजवळ सव्वापट झाली असती, आणि या औषधात सव्वापट ही थोडकी गोष्ट नाही.

मात्रा बाटलीवर लिहिल्याच्या निम्मी घेतली. कोरिडोरासला नेहमीचे खवले नसतात आणि निऑनसारखे टेट्राही या औषधाला नाजूक असतात. बाकी मासे पूर्ण मात्रा सोसतील, पण टाकीत सगळ्यात नाजूक कोण आहे ते बघून मात्रा ठरवायची.

आणि हातमोजे. मॅलकाइट ग्रीन कातडीला, कपड्याला, काचेच्या सिलिकॉनला लागलं की निघत नाही आणि माणसालाही ते अपायकारक आहे. फॉर्मॅलिनच्या बाटलीत पांढरा साका दिसला तर ती बाटली वापरायचीच नाही. तो साका माशांना जास्त विषारी असतो.

औषध मगभर टाकीच्या पाण्यात मिसळून, फिल्टरच्या झोतासमोर थोडं थोडं सोडलं. दिवा बंद ठेवला, कारण प्रकाशात मॅलकाइट ग्रीन लवकर निकामी होतं. तापमान २७ वरच स्थिर ठेवलं. फॉर्मॅलिन पाण्यातला ऑक्सिजन खातं, त्यामुळे औषध आणि ३० अंश एकत्र चालवायचे नाहीत. मात्र २७ चा इथे फायदाच आहे. चक्र लवकर फिरेल आणि औषधासमोर पोहणारे जंतू लवकर येतील.

१४ फेब्रुवारी

पाव पाणी बदललं, खडी शोषली, पुन्हा निम्मी मात्रा. आणखी एक निऑन गेला. प्लेटी मात्र वर धापा टाकायच्या थांबल्या. वनस्पतींची टोकं पिवळी पडताहेत. ती परत येतील.

१५ फेब्रुवारी

नायट्राइट ०.५. औषधाने फिल्टरमधल्या जिवाणूंना दणका दिला. होणारच होतं, म्हणून रोज मोजत होतो. नायट्राइट रक्तात गेलं की रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही. बाहेरून कल्ले तपकिरी दिसतात आणि मासा पुन्हा धापा टाकू लागतो. आपण त्याला इकचीच धाप समजतो आणि औषध वाढवतो. दोन्हींतला फरक फक्त मोजून कळतो.

मीठ घातलं. लिटरला १ ग्रॅम, म्हणजे ९० ग्रॅम, कुठलीही भर नसलेलं, वेगळ्या भांड्यात विरघळवून दिवसभरात तीन वेळा. मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून आत शिरणाऱ्या नायट्राइटला अडवतो. इकवर एकट्या मिठाचा उपाय करायचा तर याहून जास्त लागतं, पण कोरिडोरास असताना तेवढं घालायचं नाही. खाणं एक दिवसाआड आणि चिमूटभर. उपाशी मासा आठवडाभरही निभावतो. सडलेलं अन्न मात्र आधीच लंगड्या फिल्टरवर ओझं टाकतं.

पुढे २२ लिटर पाणी बदललं की नव्या पाण्यात २२ ग्रॅम मीठ मिसळून द्यायचं. पाणी नुसतं आटलं असेल तर भर साध्या पाण्याची. मीठ आटत नाही.

१८ फेब्रुवारी

सकाळी एकाही माशावर ठिपका नाही. नायट्राइट ०.२५ वर उतरलं.

बरेच जण इथेच औषध थांबवतात आणि आठवड्यात पुन्हा सुरुवातीला येतात. शेवटचा ठिपका गळून पडला म्हणजे तो आता खडीत कोष करून फुटतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. औषध चालू ठेवलं.

दुपारी एका प्लेटीच्या तोंडाभोवती पांढरट, राखाडी, कापसासारखं आणि पाठीवर आडवा फिका पट्टा दिसला. हे इक नाही. बुरशी वाटते, पण बहुधा कॉलमनॅरिस, म्हणजे जिवाणू. परजीवीने कातडीला भोकं पाडली की हे त्यातून शिरतात. आणि इकला उष्णता, तर कॉलमनॅरिसला उलटं: गरम पाण्यात तो मासा दिवसा-दोन दिवसांत संपवतो. तिला वेगळ्या लहान टाकीत हलवलं. जाळीने पकडलं नाही, पाण्यासकट भांड्यात घेतलं, कारण जाळीत कातडीवरचा चिकट थर आणखी खरवडला जातो. तिथलं पाणी हळूहळू २४ वर आणलं आणि प्राण्यांच्या डॉक्टरांना फोटो दाखवून प्रतिजैविक सुरू केलं. अंदाजाने कुठलंतरी प्रतिजैविक मुख्य टाकीत ओतणं मला मान्य नाही. त्याने फिल्टर मरतो, आणि चुकीचं किंवा अर्धवट दिलं तर पुढच्या वेळी तेच औषध निकामी ठरतं.

१९ फेब्रुवारी

प्लेटी वाचली नाही. तोंडाची कड झडून गेली होती, ती खाऊ शकत नव्हती, एका कुशीवर पडून राहिली होती. तिला गुंगीत, त्रासाविना मरण यावं म्हणून लवंगतेल थोड्या कोमट पाण्यात बाटलीत जोरजोरात हलवून मिसळलं आणि तिच्या पाण्यात आधी थोडं सोडलं, ती शांत झाल्यावर उरलेलं. कल्ले थांबल्यानंतरही अर्धा तास तिला त्याच पाण्यात ठेवलं. हे लिहायला जड जातं. पण मासा तसाच तडफडत ठेवणं किंवा शौचकुपात टाकणं यापेक्षा हे बरं, आणि लोक याबद्दल बोलत नाहीत म्हणून लिहून ठेवतो.

२६ फेब्रुवारी

१८ पासून आजवर एकही ठिपका नाही. औषध थांबवलं. निम्मं पाणी बदललं आणि कोळशाची नवी पिशवी लावली, उरलेलं औषध ती ओढून घेईल. नायट्राइट शून्य. तापमान रोज अर्धा-एक अंश उतरवत २४.५ वर नेणार. मीठ पाणी बदलता बदलता जाईल, ते काढायची घाई नाही.

४ मार्च

निऑन पुन्हा मोकळ्या पाण्यात फिरू लागले, अंगावरचा निळा पट्टा पूर्वीसारखा झळकतो आहे. नुसता परजीवी आला म्हणून एवढं झालं असं मला वाटत नाही. नव्या प्लेटी येण्याआधीच हे मासे ताणात होते, आणि त्या ताणाची कारणं टाकीतच होती. तुंबलेला फिल्टर ही एक गोष्ट. दुसरी म्हणजे दिवा रोज हाताने, कधीही लागायचा. अंधारातून लख्ख प्रकाशात आलेले निऑन काचेवर आपटत. दिव्याला टायमर लावला, रोज आठ तास, आणि तो लागायच्या आधी खोलीतला दिवा लागलेला असेल असं बघतो. पुढच्या भागात तरंगत्या वनस्पती सोडल्या. नायट्रेट ४० वरून २० च्या खाली आणायला दर आठवड्याला पाव पाणी बदलतो, एकदम निम्मं नाही. एकदम बदललं की पीएच आणि तापमान हलतं आणि माशांना तोही एक धक्काच.

इकमधून वाचलेल्या माशांत त्या रोगाला काही काळ बऱ्यापैकी प्रतिकारशक्ती येते. ही चांगली गोष्ट आहे, पण तिच्यात एक धोकाही आहे. जुने मासे धडधाकट दिसतात, एखाददुसरा परजीवी कल्ल्यांत तग धरून राहतो आणि नवा मासा आला की त्याच्यावर उफाळतो. मग दोष नव्या माशाला लागतो. म्हणून इतक्यात नवा मासा आणणार नाही.

१५ मार्च

गोगलगायी परत आल्या. आल्या आल्या काचेवरचं शेवाळ खायला लागल्या.

नवे मासे वेगळे ठेवण्याची टाकी तयार झाली. तळ उघडा, कारण खडी नसली की कोषाला लपायला जागा राहत नाही आणि रोज पुसून घेता येतो. आडोशाला प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा. स्पंज फिल्टर एरवी मुख्य टाकीच्या कोपऱ्यात चालू ठेवायचा आणि नवा मासा यायच्या दिवशी इकडे हलवायचा, म्हणजे त्यात जिवाणू आधीच बसलेले असतात आणि अमोनियाचा प्रश्न येत नाही. नवा मासा इथे चार आठवडे. पाणी २५-२६ अंशांवर ठेवलं तर तेवढ्या काळात इकची तीन-चार चक्रं होऊन जातात, आजार असेल तर दिसतोच. हीच टाकी थंड असेल तर चार आठवडे पुरणार नाहीत.

या टाकीची जाळी, नळी आणि बादली वेगळी केली. जाळीवर लाल दोरा बांधला आहे. ओल्या जाळीतून कोष एका टाकीतून दुसरीत जातो, पूर्ण वाळलेल्या जाळीत तो जगत नाही. त्यामुळे वापरून झाली की जाळी उन्हात.